रोपांचा सव्वा महिना

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात भिवरा नावाची एक सुईण राहत होती. ऐन तरुणपणी नवरा वारला तेव्हा ती माहेरी आली, ती कायमचीच. गावची लेक म्हणून सगळे तिला आत्या म्हणायचे. पोरं आत्या म्हणायची, पोरांचे बापही आत्याच म्हणायचे. गावातल्या चाळिशीच्या आतल्या बहुतेक माणसांची नाळ भिवराआत्यानंच कापली होती.

आत्याचा हात हलका होता आणि जीभ तिखट. बाळंतिणीच्या खोलीत तिचा शब्द शेवटचा. सासू असो नाहीतर गावची पाटलीण असो, सगळ्यांनी तिचं ऐकायचं. कुणी मध्येच काही सुचवलं, की आत्या कमरेवर हात ठेवून विचारायची, "तू किती बाळंतपणं केलीस गं?" या प्रश्नाला गावात कुणापाशीच उत्तर नव्हतं. त्यामुळे हळूहळू सुचवणारेच संपले. गाव तिच्यावर जीव टाकायचं, पण चार हात लांबूनच.

बाळंतपण पार पडलं की त्या घरातून आत्याकडे खण-लुगडं यायचं, धान्य यायचं, मळ्यातली भाजी यायची. ती आनंदानं घ्यायची, कारण ते तिच्या कष्टाचं होतं. पण काम केल्याशिवाय कुणाची कोथिंबिरीची काडीसुद्धा घ्यायची नाही, हा तिचा नेम होता.

पुढे शेजारच्या मोठ्या गावात दवाखाना झाला. बाया तिकडे जाऊ लागल्या. आत्याचे हातही आता थरथरत होते. एखादं लेकरू हातातून निसटायचं, या भीतीनं तिनं आपण होऊनच काम सोडलं. लोक मात्र तिला विसरले नाहीत. कुणी भोपळा घेऊन यायचं, कुणी शेंगा. आत्या दारातूनच परत पाठवायची. "मी काय केलं तुमचं, म्हणून घेऊ?" दोनदा, तीनदा असं झाल्यावर माणसं यायची थांबली. त्यांना वाटलं, आत्याला गरज नाही. मानी माणसाची उपासमार अशीच असते, शेजाऱ्यालाही तिचा पत्ता लागत नाही.

आत्याच्या बहिणीचा एक मुलगा होता, निवृत्ती. त्याची आई लवकर गेली, तेव्हा आत्यानंच त्याला लहानाचा मोठा केला. तो आता तालुक्याला सुतारकाम करायचा आणि अधूनमधून मावशीला ज्वारी-तांदूळ पोचवून जायचा. आषाढात तो आला, तर मावशी निम्मी झालेली. ताटात भाकरी, मीठ आणि कांद्याची एक फोड. शेजारच्या मैनाबाईनं भिंतीवरून मान उंचावून सांगितलं, "आरं, तीन दिस तापानं पडून हुती तुझी मावशी. दार लावून. आमाला कळलं ते ती उठल्यावर!"

निवृत्ती मावशीपुढे येऊन बसला. तो म्हणाला, "मावशी, एक हाक मारायला काय झालं होतं?"

"ताप काय, येतो नि जातो. त्याचा डांगोरा कशाला पिटायचा?"

"बास झालं. घराला कुलूप लाव आणि माझ्याबरोबर चल."

आत्या घाबरली. निवृत्ती मायेचा होता, त्याची बायकोही चांगली होती. पण या दोन खोल्यांत तिचं आयुष्य गेलं होतं. सकाळी उंबऱ्यावर बसलं की जाणारा-येणारा "काय आत्या?" म्हणून पुढे जायचा. तालुक्याला तिला कोण आत्या म्हणणार होतं? हे घर सुटलं तर आपण आपल्याच उरणार नाही, असं तिला वाटलं. पण हे ती बोलली नाही. तिनं पैज लावली.

"तुला माझ्या ताटाची काळजी लागलीय न्हवं? मग मी परड्यात वांगी लावते. दिवाळीला ये. माझ्या परड्यातल्या वांग्यांची भरली भाजी तुझ्या ताटात वाढली, तर मी हितंच राहणार. न्हाई वाढली, तर गुमान बोचकं बांधून तुझ्यामागं येते. शब्द हाय माझा."

मावशीला ओढून नेता येणार नाही, हे निवृत्तीला माहीत होतं. तो कबूल झाला आणि गेला.

घरामागचं परडं नुसतं रान माजलेलं होतं. एका कोपऱ्यात उकिरडा आणि बाकी सगळं गवत. आत्यानं कमरेला पदर खोचला आणि आठ दिवसांत ते साफ केलं, शेणखत घालून वाफा केला. एवढं काम उत्तम झालं. पण तुळशीपलीकडे तिनं जन्मात काही लावलं नव्हतं, आणि अडचण तिथेच होती.

मंगळवारच्या बाजारात कौसा रोपं विकायला बसायची. माळ्याची सून, माहेरही याच गावचं, अंगानं काटकुळी, बोलायला मवाळ. वांगी, मिरची, टोमॅटो, ज्याची म्हणाल त्याची रोपं ती वाफ्यात वाढवायची आणि जुड्या बांधून आणायची. या कौसाला आत्यानंच जगात आणलं होतं, आणि कौसाची दोन्ही लेकरंही आत्याच्याच हातांत पहिल्यांदा रडली होती. कौसानं वांग्याची चांगली दोन डझन रोपं निवडली, मुळांना ओला चिखल लावून केळीच्या पानात गुंडाळली आणि म्हणाली, "आत्या, लावताना एक ध्यानात ठेवा, की..."

"कळतंय मला!" आत्या म्हणाली. "तुझ्यासारखी ढीगभर लेकरं जगवली म्या. रोपाचं काय घेऊन बसलीस?"

कौसा हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आत्यानं घरी येऊन पान सोडलं, रोपं वाफ्यात लावली आणि चिखलानं भरलेलं पान उकिरड्यावर भिरकावलं. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एवढीएवढी कोवळी रोपं बघून तिला भरून आलं. ही लहान बाळंच की! आणि लहान बाळांचं काय करायचं असतं, हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं?

तिनं कोमट पाणी केलं. सकाळ-संध्याकाळ, रोज दोन वेळा. वारं लागू नये म्हणून वाफ्याभोवती जुन्या गोधड्यांचा आडोसा बांधला. ऊन लागू नये म्हणून वर पाट्या पालथ्या घातल्या. संध्याकाळी ओव्याची धुरी दिली. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. कुणी बघायला आलं तर ती दारातच अडवायची. "सव्वा महिना झाल्याबिगर बाहेरचं वारं लागू द्यायचं न्हाई." पाचव्या दिवशी सटवाई पुजायची तेवढी तिनं बाकी ठेवली.

मैनाबाई भिंतीवरून हे सगळं बघत होती. तिच्या स्वतःच्या परड्यात दरवर्षी वांगी व्हायची. दोनदा तिनं तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

तिसऱ्या दिवसापासून रोपं फिकट दिसू लागली. आत्यानं पाणी वाढवलं. मग रोपं उजेड शोधत पाटीखाली लांबच लांब वाढली, सुतासारखी बारीक झाली. आत्यानं आणखी एक गोधडी लावली. बाराव्या दिवशी तिनं पाट्या उचलल्या, तर सगळी रोपं बुडाशी कुजून आडवी झालेली. आत्यानं एकेक रोप उचलून बघितलं. इतक्या वर्षांत हातची लेकरं अशी एकदम गेली नव्हती. तिला खरंच रडू आलं. आणि रडून झाल्यावर आला राग.

नाचता येईना, अंगण वाकडं. मंगळवारी ती बाजारात गेली आणि ऐन गर्दीत कौसापुढे उभी राहिली.

"किडकी रोपं विकतीस व्हय गं? म्हातारीला फसवतीस?"

बाजार थांबला. टोपलीत हात घातलेल्या गिऱ्हाइकांनी हात काढून घेतले. कौसाचा चेहरा पडला. जिनं नाळ कापली तिला भर बाजारात उलट काय बोलायचं? तिनं टोपलीतली सगळ्यात धष्टपुष्ट जुडी काढली, आत्याच्या पदरात घातली आणि म्हणाली, "ही घेऊन जा, आत्या."

आत्या ती हक्कानं घेऊन गेली. या वेळी तिनं दुप्पट काळजी घेतली, म्हणजे दुप्पट पाणी आणि दुप्पट गोधड्या. ही जुडी दहा दिवसांतच गेली.

आता मात्र आत्याची खात्री पटली, की कौसाच्या वाफ्यातच खोट आहे. उंबऱ्यावर बसून ती येईल त्याला हे सांगू लागली. आत्याचा शब्द गावात खोटा कोण पाडणार? पुढच्या बाजाराला ती मीठ आणायला गेली, तर कौसा भरल्या टोपलीपुढे एकटीच बसलेली. परगावची एक बाई तिच्याकडे वाकली, तेवढ्यात दुसरीनं तिचा हात ओढला. "तिच्याकडनं घेऊ नगं. सुइणीला किडका माल दिला तिनं." कौसानं ते ऐकलं, पदरानं तोंड पुसलं आणि उन्हात कोमेजणाऱ्या जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली. रोपं म्हणजे काही गहू नव्हेत, की आज नाही खपले तर उद्या खपतील. वेळेत खपली नाहीत तर फेकूनच द्यायची. आत्याला आत कुठेतरी टोचलं. पण ती तशीच पुढे गेली.

गणपती बसायला दोन दिवस होते. घर सारवून आत्या केर टाकायला उकिरड्यावर गेली आणि थबकली. उकिरड्याच्या पलीकडच्या कडेला, जिथं तिची नजर एरवी जात नसे, उघड्या उन्हात, उघड्या वाऱ्यात, एक वांग्याचं झाड उभं होतं. गुडघ्याएवढं. खोड अंगठ्याएवढं जाड, पानं रुंद आणि काळपट हिरवी, आणि फांदीफांदीला जांभळी फुलं. बुडाशी केळीचं कुजलेलं पान होतं.

आत्या त्या पानाकडे बघत राहिली. पहिल्या दिवशी तिनं भिरकावलेलं ते पान. त्याच्या चिखलात एक रोप चिकटून राहिलं असणार. त्याच वाफ्यातलं, त्याच जुडीतलं. त्याला ना कोमट पाणी मिळालं, ना धुरी, ना गोधडी. ज्यांना तिनं छातीशी धरलं ती सगळी मेली, आणि जे फेकलं ते जगलं होतं.

तेवढ्यात भिंतीवरून मैनाबाई ओरडली, "आगं बया! आत्या, जगवलंत की शेवटी! त्या कौसाची किडकी रोपं, तरी तुमच्या हाताला यश हाय बघा!"

आत्याच्या तोंडून निघून गेलं, "हूं."

एवढंच. पण तेवढा हुंकारही खोटाच होता, हे तिला ठाऊक होतं.

ती घरात आली आणि चुलीपुढे बसली. भाकरी करायला घेतली आणि तव्यावरच करपवली. तिला हिशेब स्पष्ट दिसत होता. आत्ता फुलं आहेत, म्हणजे दिवाळीला पाच-सहा वांगी नक्की. एका भरल्या भाजीला तेवढी पुरेत. पैज जिंकली, घर राहिलं, उंबरा राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. उकिरड्यावरचं पान कुणी बघितलंय? आणि कौसाचं काय, आज ना उद्या लोक विसरतीलच.

पण आत्याच्या मनाला ते पटेना. इतक्या वर्षांत तिच्या हातून चुका झाल्या नसतील असं नाही. पण बाळ रडलं नाही, तर तिनं दोष कधी बाळाला दिला नव्हता, की बाळाच्या आईला दिला नव्हता. तिनं आधी आपले हात बघितले होते. आणि आता म्हातारपणी, एका उंबऱ्यासाठी, ती आपल्याच हातानं जगात आणलेल्या पोरीच्या पोटावर पाय देऊन बसली होती. आत्याला स्वतःची लाज वाटली. तिनं करपलेली भाकरी काढून ठेवली आणि मनाशी ठरवलं.

नुसतं सांगून भागणार नव्हतं. लोक म्हणाले असते, म्हातारीला दया आली. आणि परगावच्या गिऱ्हाइकांना तिच्या परड्यात कोण आणणार? मंगळवारी सकाळी आत्यानं खुरपं घेतलं, झाडाभोवतीची माती सैल केली आणि ते बहरलेलं झाड मुळांसकट उचलून घमेल्यात ठेवलं. रोपांतलं तिला काही कळत नव्हतं. पण दिवस भरत आलेल्या बाईला लांबच्या प्रवासाला काढू नये, एवढं सुइणीला कळतं. आपण काय करतोय ते तिला पुरतं ठाऊक होतं.

बाजार भरला होता. आत्या घमेलं डोक्यावर घेऊन आली आणि कौसाच्या टोपलीशेजारी तिनं ते ठेवलं.

"ऐका रं समदी!" ती ओरडली. आवाज अजून खणखणीत होता. "ही कौसा मला किडकी रोपं देती, असं म्या हितंच उभी राहून सांगितलं हुतं. ते खोटं हुतं. हे झाड तिच्याच जुडीतलं हाय. माझ्याकडनं चुकून उकिरड्यावर पडलं म्हणून वाचलं. माझ्या हातात जी पडली, ती म्या पाणी पाजून मारली, झाकून मारली. रोपं चांगली हुती. मला लावता आली न्हाईत."

कुणी हसलं नाही. माणसं पुढे झाली, झाडाचं खोड चाचपून बघू लागली. कौसा मात्र झाडाकडे बघून कळवळली.

"आत्या, फुलावर आल्यालं झाड उपटलंत कशाला? आता हे जगायचं न्हाई!"

"ठाऊक हाय."

मग आत्या खाली बसली. आणि आयुष्यात जे तिनं कुणाला म्हटलं नव्हतं ते ती म्हणाली. "कौसा, मला येत न्हाई गं. शिकवशील?"

कौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हळूच म्हणाली, "आत्या, तुम्ही सव्वा महिना झाकून ठेवणार म्हणून गावभर बोलणं चाललं हुतं. मला तवाच कळलं हुतं, रोपं जगायची न्हाईत. मैनाकाकूला बी कळत हुतं. समद्यांनाच कळत हुतं. पर तुमास्नी सांगणार कोण?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. म्हणूनच ते आत्याला खोल लागलं. सगळं गाव भिंतीपलीकडून तिची रोपं मरताना बघत होतं, आणि एकालाही तोंड उघडायला तिनं कधी जागाच ठेवली नव्हती. ताप आला तेव्हाचं बंद दार आणि हे बंद दार एकच होतं. ते तिनंच लावलं होतं.

त्या दिवशी कौसाची टोपली दुपारच्या आत रिकामी झाली. एक जुडी तिनं मागे ठेवली होती. ऊन कलल्यावर कौसा ती जुडी घेऊन आत्याच्या परड्यात आली.

"रोपं उन्हाच्या भरात लावायची न्हाईत, आत्या. सांजच्याला लावायची, म्हंजे रातभर त्यास्नी थारा मिळतो. बुडाशी माती दाबायची. चार दिस वर एरंडाचं पान ठेवायचं, बास. पाचव्या दिशी पान काढून टाकायचं. ऊन खाऊ द्या, वारं खाऊ द्या. वाऱ्यानं हाललं म्हंजेच खोड जाड हुतंय. आन् पाणी माती सुकल्यावर. मुळाला तहान लागली तर ते पाणी हुडकत खाली जातंय. तुम्ही पाजत बसलात तर ते कशाला खाली जाईल?"

आत्या "व्हय, व्हय" म्हणत होती. मध्ये एकदा सवयीनं तिचा हात कमरेवर गेला. तो तिनं खाली घेतला.

सहाव्या दिवशी दुपारी सगळ्या रोपांनी माना टाकल्या. आत्या तांब्या घेऊन धावली. मग थांबली. तांब्या खाली ठेवून तिनं भिंतीशी जाऊन हाक मारली, "मैने, अगं मान टाकली गं पोरांनी! पाणी घालू का?"

मैनाबाईचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. आत्या विचारतेय! ती भाजीचे हात तसेच घेऊन आली. "थांबा, आत्या. उन्हानं टाकतात. तांब्या तिकडं ठेवा आन् दिवेलागणीला बघा." दिवे लागायच्या वेळेला रोपं ताठ उभी होती. आत्या लहान मुलीसारखी हसली.

मग काय, दार उघडलं ते उघडलंच. आत्या विचारते असं कळल्यावर अख्खं गाव शिकवायला आलं. कुणी किडीवर टाकायला राख आणली, कुणी शेळ्यांना अडवायला काट्या आणल्या. दोघे-तिघे एकदमच शिकवायचे आणि त्यांचं आपसांत जुळायचं नाही, तेव्हा आत्या मध्ये बसून मजा बघायची. कुणी येताना शेंगा आणल्या, तर आता ती "मी काय केलं तुमचं" म्हणत नव्हती. सूप पुढे करायची.

पण झाडं आपल्याच वेळेनं वाढतात. त्यांना पैजेची घाई नसते. दिवाळी आली तेव्हा वाफ्यात वांग्याची पंधरा झाडं गुडघ्याला लागत होती, फुलं होती, आणि तीन झाडांना बोराएवढी वांगी धरली होती. बोराएवढ्या वांग्यात मसाला काय भरणार? आत्यानं ती तोडली नाहीत. तिनं दोन लुगडी, देवाचा टाक आणि पितळेचा तांब्या घेतला आणि बोचकं बांधून दाराशी ठेवलं. रडू येत होतं, पण शब्द म्हणजे शब्द.

निवृत्ती आला. आत्यानं त्याच्यापुढे ताट ठेवलं. बाजरीची भाकरी आणि भरली वांगी, वर तेलाचा तवंग. निवृत्तीनं घास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

"जिंकलीस की गं मावशी!"

आत्यानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण ती म्हणाली, "न्हाई रं. ही माझी न्हवंत. माझी अजून बोराएवढी हायत, जा, बघून ये. ही कौसाच्या मळ्यातली. तू येणार म्हणून म्या तिच्याकडनं मागून आणली."

निवृत्तीचा हात ताटावरच थांबला. "कशी आणलीस?"

"मागून आणली. कौसाकडनं वांगी, आन् मैनीकडनं शेंगदाण्याचं कूट. घरातलं संपलं हुतं."

निवृत्तीनं तिच्याकडे बघितलं. मग परड्याच्या दारातून बाहेर बघितलं. तिथे मैनाबाईची सून वाफ्यातलं गवत काढत बसली होती, आणि कुणीतरी बाहेरून विचारत होतं, "आत्या, आज पाणी घातलं का?" त्यानं दाराशी ठेवलेलं बोचकं बघितलं. घास बाजूला ठेवून तो उठला, बोचक्याची गाठ सोडली, तांब्या काढून मांडणीवर ठेवला आणि देवाचा टाक कोनाड्यात ठेवला.

"हे काय करतोस?" आत्या म्हणाली. "पैज हरले मी. शब्द दिला हुता."

"मावशी, मला वांग्यांची काळजी नव्हती," निवृत्ती म्हणाला. "तू मरून पडलीस तरी कुणाला हाक मारणार नाहीस, याची काळजी होती. जिनं शेंगदाण्याचं कूट मागून आणलं, ती हाकही मारेल. आता तू इथंच राहा."

आत्यानं पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडून घेतलं. निवृत्तीनं तिला रडू दिलं. मग तिनं डोळे पुसले, त्याच्या ताटात आणखी एक वांगं वाढलं आणि भाकरी थापायला घेतली.

तात्पर्य: एका कामात मुरलेला माणूस दुसऱ्या कामात नवखाच असतो. म्हणून चूक झाली तर ती चारचौघांत कबूल करावी, येत नसेल ते लहानाकडूनही शिकावं आणि लागेल ते मोकळेपणानं मागावं. ज्याला विचारता येतं आणि मागता येतं, तो कधी एकटा पडत नाही.